आधी काम, मग शिकवणी

नवे ॲप प्रथमच उघडणाऱ्या माणसाला त्याचे पहिले काम पार पडेपर्यंत दिलेल्या सोबतीला संगणकव्यवसायात ‘ऑनबोर्डिंग’ म्हणतात. मात्र ही सोबत बहुधा सुरुवातीच्या चार-पाच चित्रफलकांपुरतीच उरते आणि वापरकर्ता ‘वगळा’ हे बटण दाबून ते न वाचताच पुढे जातो. यात त्याचा आळस शोधणे अन्यायाचे ठरेल. जॉन कॅरॉल आणि मेरी बेथ रॉसन यांनी १९८७ मध्ये या वर्तनाला ‘सक्रिय वापरकर्त्याचा विरोधाभास’ असे नाव दिले: माहितीपुस्तिका आधी वाचल्यास पुढचा वेळ वाचतो हे खरे असले, तरी ज्याला पत्र टंकायचे आहे तो थेट पत्रालाच हात घालतो आणि अडल्याशिवाय काही वाचत नाही.

कॅरॉल यांनी १९८४ मध्ये एका सहकाऱ्यासह केलेल्या प्रयोगाची युक्ती लहान मुलांच्या सायकलला लावतात त्या आधाराच्या चाकांसारखी होती. लेखनासाठीच्या एका संगणकप्रणालीतील ज्या अवघड आज्ञांमुळे नवशिके हमखास गोंधळत, त्या यादीत तशाच ठेवून निष्क्रिय करण्यात आल्या, म्हणजे चुकून निवडल्या तरी ‘ही सोय सध्या उपलब्ध नाही’ एवढेच उत्तर मिळे. अशा प्रणालीवर शिकणाऱ्यांचे काम लवकर झाले, चुका निस्तरण्यात त्यांचा वेळ कमी गेला आणि नंतरच्या चाचणीत त्यांची समजही सरस ठरली. शिकवणारा शब्दही न वाढवता शिकणे सोपे झाले, हे या प्रयोगाचे खरे मोल.

याउलट मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९७ मधील ‘क्लिपी’ ही डोळे मिचकावणारी कागदाची क्लिप पत्राचा मायना टंकताच मदतीला धावून येई, आणि दहाव्या पत्रालाही तितक्याच उत्साहाने. ज्या संशोधनातून ती निघाली त्या ‘ल्युमिएर’ प्रकल्पात वापरकर्त्याच्या वाढत्या कौशल्याची नोंद ठेवण्याची कल्पना होती, पण बाजारात आलेल्या आवृत्तीत नेमकी तीच गाळली गेली. ऑफिस २००७ मधून क्लिपीही गेली.

मदतीची जागाही महत्त्वाची असते. यूपीआयचा पिन पैसे पाठवण्यासाठी लागतो, स्वीकारण्यासाठी नव्हे, ही गोष्ट न कळल्याने अनेकांची फसवणूक होते. पहिल्या दिवशीच्या फलकावर लिहिलेले हे वाक्य फसवणुकीच्या क्षणी आठवत नाही, म्हणून आपल्याच खात्यातून रक्कम जात असल्याची सूचना पिन टाकण्याच्या चौकटीजवळच असावी लागते, आणि तीही वाचणाऱ्याच्या भाषेत.