दुय्यम पात्रांची बढती

गेल्या सुट्टीत एका रविवारी आमच्या घरी मोठा वाद झाला. वादी होता माझा कॉलेजात शिकणारा भाचा आणि प्रतिवादी माझी तेरा वर्षांची मुलगी. दोघेही ज्या व्हिडिओ गेमच्या मालिका खेळतात, त्यांतील कोणत्या दुय्यम पात्राला पुढच्या खेळात प्रमुख भूमिका मिळावी, हा वादाचा विषय होता. मी शेजारच्या खोलीत कार्यालयातून आणलेली एक नस्ती चाळीत बसलो होतो. भाचा म्हणत होता, "इतकी वर्षे बिचारा दुसऱ्याच्या मागे उभा आहे. आता त्याचा हक्क झाला." त्यावर मुलगी म्हणाली, "वर्षे मोजून काय करायचे? त्याला येते काय, ते सांग." ही दोन्ही वाक्ये मी शासकीय सेवेत गेली वीस वर्षे ऐकत आलो आहे. बोलणाऱ्यांची वये तेवढी निराळी! तेव्हा नस्ती मिटली आणि आपण होऊन न्यायाधीशाच्या खुर्चीवर जाऊन बसलो.

ज्या श्रोत्यांचा या खेळांशी परिचय नाही, त्यांच्यासाठी प्रथम थोडा खुलासा केला पाहिजे. व्हिडिओ गेम म्हणजे पडद्यावर चालणारी अशी कथा की, जिच्यातील एक पात्र खेळणाऱ्याच्या बोटांच्या इशाऱ्यावर हालते. खेळ लोकप्रिय झाला की त्याचे पुढचे भाग निघतात, आणि मग तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे त्याच गोतावळ्यातील मंडळी पुन्हा पुन्हा भेटत राहतात. नाटकात प्रमुख पात्र कोणते, हे बरेचसे त्याच्या भाषणांवरून कळते. येथे ज्याच्या अंगात शिरून खेळणारा वावरतो तो नायक, आणि बाकीचे सारे, कितीही बोलके असले तरी, दुय्यम. नाटककार पात्राला वाक्य देतो. खेळ रचणाऱ्याला क्रियापद द्यावे लागते. उडी मारणे, तलवार चालवणे, लपणे, बांधणे यांपैकी हे पात्र काय करणार, याचे उत्तर त्याच्यापाशी असावे लागते. एवढा भेद ध्यानात ठेवला की पुढचा वाद समजावयास सोपा जातो.

पहिला दावा सेवाज्येष्ठतेचा. त्याचे ठळक उदाहरण म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा लुईजी. शिगेरु मियामोतो यांनी रचलेल्या 'डाँकी काँग' या १९८१ सालच्या खेळात एक उड्या मारणारा सुतार होता. तोच पुढे मारिओ या नावाने जगप्रसिद्ध झाला. १९८३ साली 'मारिओ ब्रदर्स' या खेळात दोघांनी एकत्र खेळावयाचे असल्यामुळे दुसऱ्या खेळाडूसाठी मारिओला एक भाऊ देण्यात आला. हा भाऊ म्हणजे मारिओचीच आकृती, फक्त निराळ्या रंगात रंगवलेली. त्या काळच्या यंत्रांची स्मृती इतकी तोकडी होती की, त्याला स्वतंत्र चेहरा देणेही परवडत नव्हते. १९८६ साली जपानात निघालेल्या एका भागात त्याची उडी भावापेक्षा उंच, पण पाय मात्र जमिनीवर घसरणारे, असा फरक करण्यात आला. स्वभावाची पहिली खूण ती एवढीच.

आता केवळ ज्येष्ठता पाहावयाची, तर लुईजीचा क्रमांक फार पूर्वीच लागावयास हवा होता. मध्यंतरी भूगोल शिकवणाऱ्या एका खेळात त्याला प्रमुख काम मिळालेही. पण त्या खेळात त्याच्या जागी दुसरा कोणी असता तरी काही बिघडले नसते. खरी भूमिका त्याला मिळाली ती २००१ साली, 'लुईजीज मॅन्शन' या खेळात. ज्या स्पर्धेत आपण भागच घेतला नव्हता, त्या स्पर्धेचे बक्षीस म्हणून त्याला एक वाडा मिळतो. वाडा भुतांनी भरलेला, आणि भाऊ मारिओ तेथे एका चित्रात कैद होऊन पडलेला. लुईजीच्या हाती तलवार नसते. एक विजेरी आणि धूळ ओढून घेणारे व्हॅक्यूम क्लीनरचे यंत्र, एवढाच त्याचा सरंजाम. विजेरीच्या झोताने भूत क्षणभर दिपवायचे आणि मग ओढाताण करीत त्याला यंत्रात खेचून घ्यायचे. लुईजी दाराच्या मुठीला हात लावताना थरथरतो. एक बटण दाबले की कापऱ्या आवाजात भावाला हाक मारतो. येथे कथेला भित्रा माणूसच हवा होता. मारिओ त्या वाड्यात शिरला असता तर दोन उड्यांत काम संपले असते, आणि आपल्याला भीतीही वाटली नसती, गंमतही आली नसती. अठरा वर्षे जो भावाची नक्कल म्हणून वावरला, त्याला त्याच्या भित्रेपणाने नायक केले. या खेळाचे पुढे २०१३ आणि २०१९ साली आणखी दोन भाग निघाले.

येथून एक नियम हाती लागतो. दुय्यम पात्राला मोठे करताना त्याचा दोष झाकू नये. त्या दोषाचाच खेळ करावा. वारिओ हे पात्र १९९२ साली मारिओचा शत्रू म्हणून आले. दोनच वर्षांनी त्याला स्वतःचा खेळ मिळाला. गुण कोणता, तर हावरटपणा! तो कोणाला सोडवायला निघत नाही. नाणी गोळा करायला निघतो. शेवटी किती माया जमली, यावर त्याला घर कसले मिळणार हे ठरते. पक्ष्यासाठी टांगलेल्या चिमुकल्या खोक्यापासून थेट आख्ख्या ग्रहापर्यंत त्याची मजल जाऊ शकते.

दुसरे उदाहरण कॅप्टन टोडचे. टोड मंडळी ही राजवाड्यातील अळंबीच्या टोपीची नोकरमाणसे. त्यांपैकी पाठीवर भलेमोठे बोचके घेतलेल्या एकाला २०१३ सालच्या मारिओच्या खेळात मधूनमधून छोटे प्रवेश देण्यात आले, आणि २०१४ साली स्वतंत्र खेळ मिळाला. बोचक्याच्या ओझ्यामुळे त्याला उडी मारता येत नाही. ज्या घराण्याची सारी कीर्ती उडीवर उभी आहे, त्या घराण्यात उडी न मारणारा नायक! मग खेळणाऱ्याने करायचे काय? खेळण्यातल्या घरासारखा तो छोटा मुलूख सर्व बाजूंनी फिरवून पाहायचा, दडलेली वाट शोधायची आणि टोडला पावलापावलाने पुढे न्यायचे. उडी गेली, तिच्या जागी निरीक्षण आले. मुलीचा "त्याला येते काय?" हा प्रश्न किती नेमका होता, हे मला टोडच्या बोचक्यावरून पटले.

दुसरा दावा असतो तो वारसाचा. मोठ्याच्या जागी नवा आणून बसवला की तोही मोठा होईल, अशी एक समजूत असते. कोनामी कंपनीच्या 'मेटल गिअर सॉलिड' या मालिकेचा दुसरा भाग २००१ साली आला. जाहिरातींतून जुना नायक स्नेक मिरवत होता. प्रत्यक्षात पहिला छोटा अध्याय संपताच तो मागे सरला आणि बाकीचा सगळा खेळ रायडेन नावाच्या नवख्या तरुणाच्या हाती आला. रचनाकारांचा त्यात काही हेतू होता, आणि आज अनेक जाणकार त्याची वाखाणणीही करतात. पण त्या वेळी पुष्कळ खेळणारे नाराज झाले, कारण रायडेनच्या हाती बहुतांशी स्नेकचेच क्रियापद होते. पुढे २००८ सालच्या भागात तो दुय्यम पात्र होऊन, हाती तलवार घेऊन परतला, आणि २०१३ साली त्याच्या स्वतंत्र खेळात हव्या त्या कोनातून वस्तू चिरण्याची कला त्याला मिळाली. त्या वेळी तो लोकांना आवडला. जे आसनावर बसवून साधले नाही, ते मधल्या काळात बाजूला उभे राहून साधले.

आता तिसरा दावा. तो न्यायाचा आहे, आणि त्याच्याशी माझा घरगुती संबंध आहे. मुलगी सात वर्षांची असताना तिने मला विचारले होते, "बाबा, खेळाचे नाव झेल्डा आहे, मग मला लिंक का व्हावे लागते?" 'द लेजंड ऑफ झेल्डा' ही मालिका १९८६ साली सुरू झाली. नाव राजकन्या झेल्डाचे, पण खेळावयाचे लिंक नावाच्या तरुणाने. झेल्डाने बहुधा कैदेत पडावे, झोपेत असावे किंवा दूर राहून त्याची वाट पाहावी. या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. "तशी रीत आहे," असे काहीतरी मी म्हणालो. कार्यालयात हे उत्तर चालते. घरात चालले नाही.

वाट पाहणाऱ्या स्त्रीचा प्रश्न आपल्या साहित्याला नवा नाही. रामायणातील ऊर्मिलेकडे कवींचे दुर्लक्ष झाले, ही खंत रवींद्रनाथांनी 'काव्येर उपेक्षिता' या निबंधात मांडली, आणि मैथिलीशरण गुप्तांनी हिंदीत 'साकेत' लिहून ऊर्मिलेला काव्याच्या मध्यभागी आणले. मराठीत शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय' या १९६७ सालच्या कादंबरीने कर्णाला तसेच मध्यभागी उभे केले. मात्र काव्याला एक सवलत असते. ऊर्मिलेची चौदा वर्षांची प्रतीक्षा हाच काव्याचा विषय होऊ शकतो. खेळाला ती सवलत नाही. बटण दाबल्यावर ऊर्मिला काय करते, हे तेथे ठरवावेच लागते.

म्हणूनच राजकन्यांना न्याय देणे वाटते तितके सोपे ठरले नाही. मारिओच्या मालिकेतील पीच या राजकन्येला २००५ साली जपानात निघालेल्या एका खेळात प्रमुख भूमिका मिळाली. मारिओला सोडवण्याचे काम तिचे. पण तिच्या शक्ती कोणत्या, तर आनंद, राग, रडू आणि शांतपणा. ती रडली की रोपे वाढत. खेळ गोड होता. तरीही नायिका झाल्यावर स्त्रीने भावनांनीच लढावे काय, असा आक्षेप काहींनी घेतला आणि तो मला रास्त वाटतो. तेथे पात्राचा स्वभाव पाहिला गेला नव्हता. राजकन्या म्हटल्यावर आपल्याला जे आठवते, तेच तिच्या पदरी बांधले गेले होते.

झेल्डाच्या वाट्याला निन्टेन्डोच्या स्वतःच्या मालिकेतली पूर्ण प्रमुख भूमिका आली ती सप्टेंबर २०२४ मध्ये, 'एकोज ऑफ विज्डम' या खेळात. म्हणजे पहिल्या खेळानंतर अडतीस वर्षांनी. त्याच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक तोमोमी सानो या स्त्री आहेत. आरंभीच लिंक एका विवरात नाहीसा होतो आणि झेल्डाला बाहेर पडावे लागते. तिला मिळते एक कांडी. जी वस्तू पाहिली, जो राक्षस हरवला, त्याची प्रतिकृती या कांडीने उभी करता येते. नदी ओलांडायची असेल तर जुन्या पलंगांचा पूल बांधावा; उंचावर चढायचे असेल तर मेजावर मेज रचावे; लढायचे असेल तर हरवलेल्या राक्षसालाच आपल्या बाजूने उभे करावे. लिंकची तलवारही तिला थोडा वेळ चालवता येते, पण ती शक्ती लवकर सरते आणि तिला पुन्हा आपल्या कांडीकडे वळावे लागते. पाहिलेले लक्षात ठेवणे आणि वेळेला त्याचा उपयोग करणे हे तिचे शहाणपण, आणि तेच या खेळाचे क्रियापद. नुसते लिंकचे कपडे तिच्या अंगावर चढवले असते तर नाव तिचे, काम त्याचे, असाच प्रकार झाला असता. हा खेळ घरी आला त्या दिवशी मुलगी पलंगामागून पलंग मांडीत नदीपलीकडे गेली. माझ्याकडे वळून तिने काही म्हटले नाही. मला मात्र तिच्या जुन्या प्रश्नाची आठवण झाली.

मग प्रत्येकच आवडत्या पात्राला नायकपद द्यावे काय? भाच्याचा आग्रह मिडना या पात्रासाठी होता. झेल्डा मालिकेच्या २००६ सालच्या भागातील ही छायालोकातील स्त्री. ती लिंकच्या पाठीवर बसून त्याला हुकूम सोडते, टोमणे मारते. ती खरोखर कोण, हे आपल्याला हळूहळू कळते. शेवटी दोन जगांना जोडणारा आरसा ती स्वतः फोडते आणि निघून जाते. जगभरच्या अनेक चाहत्यांनी तिच्यासाठी स्वतंत्र खेळ मागितला आहे. या ठिकाणी मी मुलीच्या बाजूने निकाल दिला. मिडनाचे सारे आकर्षण आपण तिला बाहेरून पाहतो, यात आहे. खेळणारा एकदा तिच्या अंगात शिरला की गूढ संपले. आणि ती परत आली, तर फुटलेल्या त्या आरशाला काय अर्थ उरला?

आमच्या खात्यात एक जुने हेडक्लार्क होते. कोणतीही नस्ती त्यांच्या हाताखालून गेली की साहेब डोळे मिटून सही करीत. सर्वांनी आग्रह धरून त्यांना बढती मिळवून दिली. त्या आग्रहात मीही होतो. वर गेल्यावर ते अवघडले, आणि त्यांची रिकामी झालेली जागा आम्हाला कित्येक वर्षे भरता आली नाही. त्यांना काय येते हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. नव्या खुर्चीत त्याचा उपयोग आहे काय, हे मात्र एकानेही विचारले नव्हते.

माझा निकाल भाच्याने शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाला, "मामा, तुम्ही तिचा एकही खेळ खेळलेला नाही. या निकालावर मी अपील करणार." मुद्दा बिनतोड होता. त्या संध्याकाळी मुलीने माझ्या हाती खेळाचे यंत्र दिले, आणि पहिल्याच नदीत मी बुडालो.