‘नियमभंग आढळला नाही’ असं उत्तर आलंय?

आपल्या नावाचं फेक अकाउंट रिपोर्ट केलं की बऱ्याचदा असंच ठोकळेबाज उत्तर येतं आणि आपण नाद सोडतो. सोडू नका, राव! २०२१ च्या आयटी नियमांनुसार सोशल मीडिया कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. त्याचं नाव-ईमेल साइटच्या कुठल्यातरी कोपऱ्यात दडवलेलं असतं, पण असतं. त्याला लेखी कळवा. निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत केंद्राच्या ग्रीव्हन्स अपिलेट कमिटीकडे अपील, तेही घरबसल्या ऑनलाइन. २०२३ पासून ही सोय आहे, वापरतं कोण! लिंक आणि तारखेसह स्क्रीनशॉट मात्र आधीच काढून ठेवा. आणि फसवणुकीत पैसे गेले असतील तर हे सगळं नंतर, पहिला फोन सायबर हेल्पलाइन १९३० ला.