शर्यतीच्या आधीची परीक्षा

मोटारसायकलच्या शर्यती तुम्ही दूरचित्रवाणीवर पाहिल्या असतील. वळणावर स्वार इतका कलतो की त्याचा गुडघाच काय, कोपरही जमिनीला घासते. पण वर्षातली पहिली शर्यत सुरू होण्यापूर्वी याच मोटारसायकली रिकाम्या प्रेक्षागृहासमोर दिवसभर फेऱ्या मारत असतात. तिथे झेंडे नसतात आणि बक्षिसेही नसतात. स्वार चार-सहा फेऱ्या मारून परत येतो, तंत्रज्ञ एखादा भाग बदलतात आणि तो पुन्हा निघतो. याला हंगामपूर्व चाचणी म्हणतात. वरवर कंटाळवाणे वाटणारे हे काम म्हणजे प्रत्यक्षात एक मोठा शास्त्रीय प्रयोग आहे. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतले नियमच तिथे लागू पडतात. फरक इतकाच, की तिथे चूक झाली तर तिची किंमत फार मोठी असते.

मलेशियातच का?

रस्त्यावरील मोटारसायकल शर्यतींतील सर्वांत वरचा वर्ग म्हणजे मोटोजीपी. या वर्गातले बहुतेक संघ युरोपातील किंवा जपानमधील आहेत. तरीही त्यांची मुख्य हंगामपूर्व चाचणी अनेक वर्षे फेब्रुवारीत मलेशियातील सेपांग येथे होत आली आहे. कारण साधे आहे. फेब्रुवारीत युरोप थंडीने गारठलेला असतो. शर्यतीच्या टायरचे रबर शंभर अंश सेल्सियसच्या आसपास तापले, तरच ते मऊ होऊन रस्ता घट्ट धरते. थंड टायर कडक आणि निसरडे असते. म्हणून मोटारसायकल बाहेर काढण्यापूर्वी टायरांना विजेवर तापणाऱ्या आवरणांत गुंडाळून ठेवतात. सेपांग विषुववृत्ताच्या अगदी जवळ असल्याने तिथे फेब्रुवारीतही भरपूर ऊन असते.

सेपांगचा मार्ग ५.५४३ किलोमीटर लांबीचा आहे. उत्तम स्वार एक फेरी सुमारे १ मिनिट ५७ सेकंदांत, म्हणजे ११७ सेकंदांत पुरी करतो. आता थोडे गणित करू. ५,५४३ मीटरला ११७ ने भागले तर सरासरी वेग सेकंदाला सुमारे ४७ मीटर येतो. म्हणजे एका फेरीत सेकंदाचा दहावा भाग वाचला, तर मोटारसायकल पावणेपाच मीटर पुढे जाईल. शर्यत २० फेऱ्यांची असते. तेव्हा शेवटी हे अंतर ९० मीटरांहून अधिक होईल! चाचणीत सगळी धडपड चालते ती अशा एक दशांश सेकंदासाठी.

वळण आणि ब्रेक

ही यंत्रे कोणत्या मर्यादेवर चालतात ते पाहू. मोटोजीपीच्या मोटारसायकलचे वजन नियमानुसार किमान १५७ किलोग्रॅम असावे लागते. स्वार आणि इंधन धरून ते २४० किलोग्रॅम समजू. सरळ रस्त्यावर ताशी ३२४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ९० मीटर वेगाने ती धावत आहे. वळणापूर्वी तिचा वेग ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर करायचा आहे. गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्हाला माहीत आहेच : वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. हिशेब केलात तर जवळजवळ ९ लाख जूल ऊर्जा कमी करावी लागते असे दिसेल. तीन लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापवायला एवढीच उष्णता लागते. यातला काही भाग हवेचा विरोध आणि इंजिन घेतात. पण मोठा भाग ब्रेकच्या कार्बनी चकत्यांना अवघ्या काही सेकंदांत पचवावा लागतो.

आता वळण घेऊ. स्वार उभ्या रेषेपासून ६० अंश कलला, तर त्याला वर्तुळात वळवणारे त्वरण गुरुत्व त्वरणाच्या १.७३ पट असते, कारण ६० अंशांचे टॅन गुणोत्तर १.७३ आहे. हे सगळे बल रस्ता आणि टायर यांच्यातील घर्षणातून यायला हवे. टायर रस्त्याला टेकते ती जागा मात्र जेमतेम तळहाताएवढी! त्या तळहाताएवढ्या रबरावर माणसाचा जीव सोपवायचा असेल, तर त्याची परीक्षा आधी घ्यायलाच हवी, नाही का?

एका वेळी एकच बदल

समजा, संघाने नवे टायर, नवी स्प्रिंग आणि नवे आवरण एकदमच बसवले आणि फेरी अर्ध्या सेकंदाने जलद झाली. श्रेय कशाला द्यायचे? कदाचित टायरमुळे एक सेकंद वाचला असेल आणि स्प्रिंगने त्यातला अर्धा सेकंद घालवला असेल. म्हणून चाचणीचा पहिला नियम असा : एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सर्व तशीच ठेवा.

पण 'बाकी सर्व तसेच' ठेवणे सोपे नसते. सकाळी हवा थोडी थंड असते, दुपारी रस्ता तापून टायर घसरू लागते. दिवसभराच्या फेऱ्यांनी रबराचा थर रस्त्यावर चढतो आणि पकड वाढते. टाकीतले इंधन संपत जाते, तशी मोटारसायकल हलकी होते. स्वाराचा हात बसतो आणि मग तो थकतोही. सकाळी जुनी स्प्रिंग आणि दुपारी नवी स्प्रिंग तपासली, तर आपण स्प्रिंग तपासली की ऊन, हे कसे कळणार?

यावर उपाय म्हणजे पुन्हा मागे जाणे. आधी जुना भाग लावून फेऱ्या घ्यायच्या, मग नवा आणि शेवटी पुन्हा जुना. दोन्ही वेळा जुन्या भागाचे आकडे जवळजवळ सारखे आले, तर परिस्थिती फारशी बदललेली नाही आणि नव्या भागाने दाखवलेला फरक खरा आहे. ते वेगळे आले, तर त्या फरकावर विश्वास ठेवता येत नाही. मोटारसायकलवर बसवलेली संवेदक यंत्रेही मदतीला असतात. चाकांचा वेग, स्प्रिंगची हालचाल, ब्रेकचा दाब, कल आणि तापमान यांची ती सतत नोंद ठेवतात. वेळ कुठल्या वळणावर वाचला आणि कुठे गेला, हे त्या आलेखांवरून समजते.

चार इंजिनांची गोष्ट

अशा पद्धतशीर चाचणीने काय साधते, याचे एक सुंदर उदाहरण आहे. २००३ साली यामाहा कंपनीला मोटोजीपीची एकही शर्यत जिंकता आली नव्हती. पुढच्या हंगामासाठी इटलीचा जगज्जेता स्वार व्हॅलेंटिनो रॉसी त्यांच्याकडे आला. जानेवारी २००४ मध्ये सेपांगला त्याची पहिली चाचणी झाली. यामाहाचे अभियंते मासाओ फुरुसावा यांनी त्याच्यासाठी चार प्रकारची इंजिने तयार ठेवली होती.

त्यांच्यापुढे प्रश्न दोन होते. प्रत्येक सिलिंडरला झडपा चार असाव्यात की पाच? आणि क्रँक जुन्या पद्धतीचा असावा की नव्या? दोन प्रश्न आणि प्रत्येकाची दोन उत्तरे, म्हणून जोड्या चार : जुना क्रँक व पाच झडपा, जुना क्रँक व चार झडपा, नवा क्रँक व पाच झडपा, नवा क्रँक व चार झडपा. नुसते अगदी जुने आणि अगदी नवे इंजिन तपासले असते, तर फरक क्रँकमुळे पडला की झडपांमुळे, हे कळलेच नसते. चारही जोड्या तपासल्याने दोन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी मिळतात.

नव्या क्रँकमध्ये विशेष काय होते? चार सिलिंडरांच्या नेहमीच्या इंजिनात दोन दट्टे वर असतात तेव्हा दोन खाली असतात. म्हणजे चारही दट्टे एकाच क्षणी थांबतात आणि एकाच क्षणी वेग घेतात. इंजिन मिनिटाला १५,००० फेरे घेत असेल, तर हे थांबणे सेकंदाला ५०० वेळा घडते. दर वेळी दट्ट्यांची ऊर्जा क्रँकमध्ये जाते आणि परत येते, त्यामुळे क्रँकला सूक्ष्म हिसके बसत राहतात. नव्या क्रँकमध्ये दट्टे ९० अंशांच्या अंतराने बसवले होते. दोन दट्टे थांबलेले असताना उरलेले दोन वेगात असतात. एकाने सोडलेली ऊर्जा दुसरा घेतो आणि हिसके बरेच कमी होतात.

त्याचा फायदा स्वाराला होतो. मागचे टायर किती पकड देत आहे, हे तो मूठ पिळताना हाताने आणि शरीराने ओळखतो. इंजिनाचे हिसके म्हणजे वर्गातला गोंगाट समजा. गोंगाट थांबला की शिक्षकांचे हळू बोलणेही ऐकू येते. रॉसीने नवा क्रँक आणि चार झडपा असलेले इंजिन निवडले. १८ एप्रिल २००४ रोजी दक्षिण आफ्रिकेतील वेल्कम येथे हंगामाची पहिली शर्यत त्याने पाव सेकंदाहूनही कमी अंतराने जिंकली आणि त्या वर्षीचे जगज्जेतेपदही मिळवले. पुढे २००९ मध्ये यामाहाने तोच क्रँक रस्त्यावर चालणाऱ्या आर-१ या मोटारसायकललाही बसवला.

चाचणी झाली नाही तर?

ऑक्टोबर २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील फिलिप आयलंडला काय झाले ते ऐका. तिथल्या मार्गावर नुकताच नवा डांबरी थर घातला होता. नव्या पृष्ठभागाची पकड अधिक, म्हणून टायर अधिक तापणार. परंतु त्या थरावर मोटोजीपीच्या टायरांची चाचणी आधी झालेली नव्हती. सरावाच्या वेळी टायर पूर्ण शर्यत टिकणार नाही असे दिसून आले. शेवटी २७ फेऱ्यांची शर्यत १९ फेऱ्यांची केली आणि कोणीही एका मोटारसायकलवर दहापेक्षा जास्त फेऱ्या करायच्या नाहीत, मध्येच ती बदलायची, असा नियम घातला. मार्क मार्केझ एक फेरी उशिरा आत आला आणि बाद झाला. पुढच्या मार्चमध्ये त्याच मार्गावर मुद्दाम टायरांची चाचणी घेण्यात आली.

याउलट फेब्रुवारी २०१६ मध्ये सेपांगच्या चाचणीत फ्रान्सच्या लोरिस बाझचे मागचे टायर सरळ रस्त्यावर, ताशी २९० किलोमीटरच्या आसपास वेग असताना फुटले. त्या वर्षी टायर पुरवणारी कंपनी बदलली होती. सुदैवाने त्याला गंभीर दुखापत झाली नाही आणि त्या जातीचे टायर लगेच मागे घेण्यात आले. तोच दोष शर्यतीत, मागून वीस मोटारसायकली येत असताना उघड झाला असता तर? दोष चाचणीतच सापडावा, यासाठीच चाचणी असते.

मात्र ती बिनधोक नसते. २०२५ च्या सेपांग चाचणीत पहिल्याच सकाळी आदल्या वर्षीचा जगज्जेता होर्हे मार्टिन नव्या संघाच्या मोटारसायकलवरून फेकला गेला. त्याच्या हातापायाची हाडे मोडली आणि उरलेली चाचणी हुकली.

चाचणी काय सांगत नाही?

चाचणीत स्वार बहुधा एकटाच धावतो. शर्यतीत मात्र तो इतरांच्या मागे, त्यांच्या इंजिनांच्या गरम हवेत सापडतो. पुढचे टायर जास्त तापते. आकारमान तेच असताना वायू तापला की दाब वाढतो, हा नियम इथे लागू होतो. समजा, ८७ अंशांवर टायरमधील दाब वातावरणापेक्षा १.८ बार जास्त आहे. म्हणजे एकूण दाब सुमारे २.८ बार झाला. तापमान आणखी १० अंशांनी वाढले, तर दाब सुमारे ०.०८ बारने वाढेल. एवढ्यानेही टायर अधिक फुगते, रस्त्याला टेकणारी जागा आक्रसते आणि ब्रेक लावताना चाक घसरू लागते. चाचणीत पहिला आलेला स्वार शर्यतीत मागे का पडतो, याचे हे एक कारण आहे.

हवामानाचेही तसेच. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध मार्गावर भारतातली पहिली मोटोजीपी शर्यत झाली. या मार्गावर कोणीही मोटोजीपीची मोटारसायकल आधी चालवलेली नव्हती. उकाडा इतका होता की स्वारांसाठी शर्यत २४ वरून २१ फेऱ्यांवर आणावी लागली.

या चाचण्यांशी आपले एक दूरचे नाते आहे. २०१७ पासून मोटोजीपीत उतरलेल्या ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीत पुण्याची बजाज ऑटो २००७ मध्ये भागीदार झाली, आणि केटीएमच्या छोट्या मोटारसायकली चाकणच्या कारखान्यात तयार होतात. केटीएमची शर्यतीची मोटारसायकल घडवण्यात दानी पेद्रोसा या चाचणी स्वाराचा मोठा वाटा आहे. शर्यतीतून निवृत्त झालेल्या या खेळाडूचे काम जिंकण्याचे नसून नेमके काय बिघडते ते सांगण्याचे आहे.

करून पाहा

अशी चाचणी तुम्हीही घेऊ शकता. मैदानात एखादा सौम्य उतार शोधा. सायकलवर बसून ठरावीक खुणेपासून पायडल न मारता उतरा आणि सायकल आपोआप थांबते तिथपर्यंतचे अंतर मोजा. आधी दोन्ही टायरांत पुरेशी हवा ठेवून तीन वेळा, मग थोडी हवा कमी करून तीन वेळा आणि शेवटी पुन्हा हवा भरून तीन वेळा. स्वार तोच, सायकल तीच, जागा तीच. पहिली आणि तिसरी सरासरी जुळते का ते आधी पाहा. जुळली नाही तर घाईने निष्कर्ष काढू नका. वारा फिरला असेल, किंवा कोणीतरी नकळत पायडल मारले असेल! कारण शोधा आणि चाचणी पुन्हा घ्या.