दोन वर्षांचे माणूस



दोन वर्षांच्या मुलावर बोलण्याचा आम्हांस अधिकार काय, असे कोणी विचारले तर उत्तर देणे कठीण आहे. आमचे शिक्षण सातवीत थांबले. पुढचे सारे वाचन युनियनच्या कचेरीत, सभा संपल्यावर झाले. आयुष्य गेले ते विडी कामगारांची मजुरी आणि प्रॉव्हिडंट फंड यांच्या हिशेबात. परंतु गेले वर्षभर आमची नात आमच्या ताब्यात आहे, किंवा आम्ही तिच्या ताब्यात आहोत म्हणा. तिची आई सकाळीच कामावर जाते आणि संध्याकाळपर्यंत आम्ही दोघे घर सांभाळतो.

या वयाचा राजा शब्द म्हणजे 'नको'. भाकरी पाहिजे का? नको, आणि हात मात्र ताटलीकडे गेलेला. अंघोळ नको, आणि एकदा पाण्यात बसवली की बाहेर येणे नको. लोक याला हट्ट म्हणतात. आम्हांस मात्र तो नकार ओळखीचा वाटला. कामगार प्रथम संघटनेत येतो तेव्हा तोही आधी नाही म्हणायला शिकतो. नेमके काय मागायचे ते त्याला मागाहून सुचते. मुलाचेही तसेच. आपण आईचा एक अवयव नसून निराळे माणूस आहोत हा शोध त्याला नुकताच लागलेला असतो, आणि निराळेपण दाखवायला नकाराइतके सोपे हत्यार दुसरे नाही.

हा शोध केव्हा लागतो हे पाहण्याची एक गमतीची रीत आहे. १९७२ साली ब्यूला ॲम्स्टरडॅम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांच्या नाकाला नकळत लाल ठिपका लावून त्यांना आरशापुढे बसवले. लहान मुले आरशातल्या मुलाशी खेळू लागली. वीस ते चोवीस महिन्यांच्या पुष्कळ मुलांचा हात मात्र स्वतःच्या नाकावर गेला. आम्ही हे वाचले आणि घरातला कुंकवाचा करंडा घेतला. नात सव्वा वर्षाची असताना तिने आरशाचा मुका घेतला होता. दोन वर्षे होत आली तेव्हा तिने नाक चाचपले, बोट पाहिले आणि ते आमच्या स्वच्छ धोतराला पुसले. शास्त्र सिद्ध झाले, धोतर गेले.

या वयात दोन-दोन शब्द जोडून बोलणे सुरू होते. 'आबा चप्पल' एवढ्यात ही चप्पल आबांची आहे, आबांनी चप्पल घालावी, आणि आबा चप्पल न घालता निघाले, हे तिन्ही अर्थ बसतात. पण आम्हांस खरे हसू आले ते दुसऱ्याच गोष्टीचे. ही मुलगी म्हणते, "मी जातो." पिशवी खांद्याला लावून दारापर्यंत जाते आणि सांगते, "सभेला जातो." कोल्हापूरकडे बायकाही 'जातो' म्हणतात हे आम्हांस ठाऊक आहे, पण आमच्या घरातल्या बायका 'जाते' म्हणतात. तिने क्रियापद उचलले ते आमचे. उलट, शेजारचा मुलगा सारा दिवस आईजवळ असतो, तो "मी जेवते" म्हणतो. दोन वर्षांच्या मुलाला दिवसभर कोण सांभाळते हे त्याच्या व्याकरणावरून ओळखावे!

व्यवस्थेचेही त्यांना वेड असते. मारिया माँटेसरीबाई १९३९ साली भारतात आल्या आणि युद्धाची वर्षे येथेच राहिल्या. या वयाच्या मुलाला वस्तू जागच्या जागी लागते आणि ती हलली की ते कासावीस होते, असे त्यांनी नोंदले आहे. आमच्या घरी बैठक उठली की नात ज्याची चप्पल त्याच्यापुढे नेऊन ठेवते. एकदा दोघांनी मुद्दाम अदलाबदल केली, तर तिने असा टाहो फोडला की गल्ली गोळा झाली.

आणि मदत! केर काढताना दुसरा झाडू तिला हवा, धान्य निवडताना निवडलेल्यात खडे टाकायला ती पुढे. जर्मनीतील लाइपझिग येथे वार्नेकेन आणि टोमासेलो या संशोधकांनी २००६ साली दाखवले की दीड वर्षाचे मूलही अनोळखी माणसाची पडलेली वस्तू, कोणी न सांगता, उचलून देते. २००८ साली त्यांनी आणखी एक प्रयोग केला. काही मुलांना मदतीबद्दल खेळण्याचे बक्षीस दिले, काहींना काहीच दिले नाही. बक्षीस मिळालेली मुले पुढे कमी मदत करू लागली. मजुरीशिवाय बोटही हलवू नका असे जन्मभर सांगत आलेल्या माणसाची येथे मोठी पंचाईत झाली. मात्र मालकमंडळींनी यातून भलता अर्थ काढू नये. प्रयोग वीस महिन्यांच्या मुलांवर झाला होता.

हे सारे आम्ही पाहू शकलो, कारण आम्हांस वेळ होता. आमच्या स्वतःच्या मुलाचे दुसरे वर्ष आम्हांस आठवत नाही. आम्ही सभांना, आणि त्याची आई सोलापुरात घरी विड्या वळीत बसलेली. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, कात्री, पत्रा, दोरा. शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. तोही मदतीलाच येई. पान उचलून देई, आणि देताना ते फाटे. पाने मोजून मिळत. फाटली तर विड्या कमी भरत, आणि कमी भरल्या की पैसे कापले जात. कारखान्यात छाट निघे ती वेगळीच. म्हणून पाठीत धपाटा बसे, आणि पुढे पुढे साडीच्या पट्टीने त्याचा पाय खाटेच्या खुराला बांधलेला असे. कात्री लागू नये हेही कारण होतेच. नातीच्या ज्या कृतीचे आज आम्ही कौतुक करतो, तीच त्या घरात नुकसान होती. आई निर्दय नव्हती. तिला हजार पुरे करायचे होते.

१९४८ च्या कारखाना कायद्यात पन्नासहून अधिक स्त्रिया असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची तरतूद झाली. १९७६ साली तो आकडा तीसवर आला. त्यासाठी भांडणाऱ्यांत आम्हीही होतो. पण ही तरतूद कारखान्याच्या भिंतीआतली. घरी वळणाऱ्या बाईला भिंत आहे ती स्वतःच्या घराची.

अंगणवाडी आहे ना, असे कोणी म्हणेल. तो शब्दच मुळी आज पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डी येथून आला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेथे १९४५ साली काम सुरू केले. मुले शाळेत येईनात म्हणून शाळा त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका जागी आणली. धाकट्याला कडेवर घेतलेली बहीण शिकायला यायची, तर धाकट्याची सोय आधी हवी, हे त्यांनी ओळखले होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या सरकारी योजनेने नाव अंगणवाडीचे घेतले, पण बसवून शिकवायचे ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांना. दोन वर्षांच्याला लस मिळते, वजन होते, घरी न्यायचा आहार मिळतो. त्याच्यापाशी दिवसभर बसायला माणूस मिळणे मात्र अजून नशिबाचा भाग आहे.

आपल्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारीच्या काढणीला जाऊन पाहा. बाया ओळीने ताटे उपटीत पुढे जातात. मागे बांधावर सात वर्षांची पोर, आणि तिच्यापाशी दोन वर्षांचे भावंड. ते आईमागे ढेकळांतून धावते, एक ताट दोन्ही हातांनी ओढते, उपटत नाही म्हणून चिडते, आणि "मी, मी" म्हणून ओरडते. हसायला कोणाला सवड नसते.

या काढणीत तेथल्या बायांची बैठक घेतली. मागणी त्यांचीच: दहा-पंधरा मुलांमागे आमच्यातल्या दोघींना बांधावर राहू द्या आणि त्यांनाही पूर्ण रोज द्या. एका शेतकऱ्याने विचारले, "पोरं सांभाळणं हे काय काम झालं?"

एक म्हातारी उठून म्हणाली, "मग मालक, उद्या तुम्ही सांभाळा. आम्ही तुम्हाला रोज देतो."

तो हसला, पण हो म्हणाला नाही. पुढची बैठक श्रावणात आहे.