मूत्रपिंडापाशी अडलेली लस

मुंबईत पाणी तुंबलं की महापालिका सांगते : पाण्यातून चालत आला असाल तर दवाखान्यात या, डॉक्सिसायक्लिन घ्या. सिंधुदुर्गात भातलावणीच्या दिवसांत शेतकऱ्यांना याच गोळ्या दिल्या जातात. दुखणं एकच, लेप्टो म्हणजेच लेप्टोस्पायरोसिस. २६ जुलै २००५च्या पुरानंतर हे नाव मुंबईकरांच्या तोंडी बसलं. गोळी आहे, मग लस का नाही?

उंदीर, गुरं, कुत्री यांच्या मूत्रपिंडात लेप्टोस्पायरा हा जिवाणू मुक्काम ठोकतो. उंदीर स्वतः ठणठणीत असतो. त्याच्या लघवीतून जिवाणू चिखलात उतरतो आणि पायाच्या चिरेतून माणसात शिरतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे दहा लाख रुग्ण आणि ५९ हजार मृत्यू.

लस अगदीच नाही असं नव्हे. मारलेल्या अख्ख्या जिवाणूंची लस कुत्र्यांना दरवर्षी टोचतात. फ्रान्स आणि क्युबात ती माणसांनाही दिली गेली. पण तिने तयार होणारी प्रतिपिंडं मुख्यतः जिवाणूच्या शर्करायुक्त आवरणाला ओळखतात. उपप्रकार तीनशेच्या आसपास आणि प्रत्येकाचं आवरण निराळं. त्यामुळे क्युबातली लस सिंधुदुर्गातल्या शेतात चालेलच असं नाही.

म्हणून शोध सुरू झाला तो बहुतेक रोगकारक उपप्रकारांत सारख्या असणाऱ्या प्रथिनांचा. २००३ साली चिनी संशोधकांनी या जिवाणूचा जनुकसंच वाचला आणि उमेदवारांची यादीच हाती आली. लेप्टोस्पायरा प्रयोगशाळेत वाढवणं म्हणजे आठवडे मोजणं. म्हणून हव्या त्या प्रथिनाचा जनुक भरभर वाढणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूमध्ये घालतात. त्या प्रथिनाला हिस्टिडिन या अमिनो आम्लाची शेपटी जोडलेली असते. पेशी फोडून तो रस निकेलच्या स्तंभातून सोडला की शेपटीवालं प्रथिन चिकटून राहतं, बाकीचं बरंचसं वाहून जातं. मग इमिडाझोल हे रसायन ओतून ते सोडवायचं. शुद्धता तपासायच्या जेलवर एकच ठसठशीत निळा पट्टा दिसला तर दिवस सार्थकी. पुष्कळदा प्रथिन पेशीतच गुठळ्या करून बसतं आणि ते युरियात विरघळवून पुन्हा घडीवर आणावं लागतं.

खरी कसोटी हॅमस्टरवर. लिपएल३२ हे या जिवाणूत सर्वाधिक आढळणारं प्रथिन, त्यामुळे त्याच्यावर मोठी भिस्त होती. पण नुसत्या त्या प्रथिनाने प्राणी वाचले नाहीत. लिगए नावाच्या प्रथिनाच्या तुकड्याने मात्र २००७च्या प्रयोगात हॅमस्टर वाचवले. आनंद अर्धाच, कारण जगलेल्या प्राण्यांच्या मूत्रपिंडात जिवाणू शाबूत सापडले. म्हणजे प्राणी बचावला, पण रोग पसरवायला मोकळा! २०१७ साली ब्राझीलमधल्या पेलोटासच्या संशोधकांनी लिगबी या प्रथिनाच्या तुकड्याने हॅमस्टरची मूत्रपिंडंही स्वच्छ राहिल्याचं दाखवलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेतही लिग प्रथिनांवर काम झालं आहे.

माझ्या मते अशी लस आधी गोठ्यात गेली पाहिजे. लेप्टोने गाय गाभडते, दूध आटतं, आणि तिच्या लघवीतून धोका मालकाच्या पायापर्यंत येतो. उंदरांना कोण टोचणार? मात्र गुरांसाठीची लस मूत्रपिंड स्वच्छ ठेवणारीच हवी. नुसता जीव वाचवणारी इथे पुरेशी नाही.

हॅमस्टरपासून माणसापर्यंतची वाट अजून लांब आहे. तोवर पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून गेलात, तर ताप येण्याची वाट पाहू नका. डॉक्टरांना गाठा आणि गोळीचं विचारा.