नक्षी आजीची घ्या, सुई मात्र नवी घ्या

नाशिकला द्वारकेच्या चौकात एस.टी.तून उतरलात, की पुढच्या गाडीसाठी थोडा वेळ उभे राहावेच लागते. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता इथे एकमेकांना मिळतात. डोक्यावर उड्डाणपूल, खाली मालाच्या गाड्या, आणि सिन्नर, निफाड, इगतपुरी अशा चारी दिशांची माणसे. पुढच्या खेपेला तिथे उभे राहाल तेव्हा गाड्यांकडे नको, माणसांच्या हातांकडे पाहा.

पिशवी सांभाळत बसलेल्या एखाद्या म्हातारीच्या हातावर तुळशीवृंदावन दिसेल, हनुवटीवर एक ठिपका दिसेल. रंग निळसर-हिरवा पडलेला, पण आकार अजून ओळखू येतो. तिच्याच शेजारी उभ्या असलेल्या एखाद्या पोराच्या हातावर डोंगराची रेघ असेल, एखादे झाड असेल, उडती पाखरे असतील. म्हातारी त्याला गोंदण म्हणते, पोरगा टॅटू म्हणतो. काम मात्र एकच. सुईने कातडीत रंग भरायचा आणि तो जन्मभर अंगावर वागवायचा.

हा विषय शेतीच्या पानावर कशाला, असे तुम्ही म्हणाल. तर मंडळी, हा शहरातल्या हौशी लोकांचाच विषय राहिलेला नाही. जत्रेत, आठवडे बाजारात, रस्त्याच्या कडेला मशीन घेऊन बसलेला माणूस आता नवा नाही. त्याच्यासमोर हात पुढे करणारी पोरे आपलीच आहेत. त्यातली कितीतरी लष्कराच्या, पोलिसांच्या भरतीची तयारी करताहेत. म्हणून हात पुढे करण्याआधी चार गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

आजीच्या हातावर काय आहे?

जुने गोंदण नीट पाहा. तुळस, मोर, विंचू, मासा, फूल, चंद्र, सूर्य. म्हणजे जे अंगणात, रानात, आभाळात रोज दिसते तेच हातावर आले. वारली, कोकणा, महादेव कोळी, भिल्ल या आपल्या जिल्ह्यातल्या आदिवासी समाजांतही गोंदणाची रीत जुनी आहे. फिरत्या जमातीच्या बाया गावात यायच्या. दोन-चार सुया एकत्र बांधून, दिव्याची काजळी कालवून टोचायच्या आणि वर हळद लावायच्या. मोबदला म्हणून सुपातून दाणे मिळायचे.

सोनेनाणे चोर नेईल, गोंदण कोण नेणार? मेल्यावर सोबत येते ते एवढेच, अशी बायकांची श्रद्धा. काही ठिकाणी दुखऱ्या सांध्यावरही गोंदून घेत. याला अडाणीपणा म्हणून हसू नका. १९९१ साली युरोपातल्या आल्प्स पर्वतात बर्फात गाडलेले एका माणसाचे प्रेत सापडले. ते सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचे निघाले. त्याच्या अंगावर कोळशाच्या काजळीने गोंदलेल्या ६१ खुणा मोजल्या गेल्या. त्यातल्या बऱ्याच कंबर, गुडघा, घोटा अशा झिजलेल्या सांध्यांजवळ होत्या. दुखणे त्याने थांबत असेल असे नव्हे, पण माणसाने हा उपाय फार पूर्वीपासून करून पाहिलेला दिसतो.

मात्र एक गोष्ट विसरू नका. आपल्या आज्यांपैकी कितीजणींना कुणी विचारले होते? सात-आठ वर्षांची पोर, दोघींनी हात धरून ठेवायचे आणि तिसरीने टोचायचे, असे कितीतरी घरांत झाले. नक्षी कोणती, जागा कोणती, हे मोठ्यांनी ठरवले. तुम्हाला आज निवडता येते. ती निवड दहा मिनिटांत जत्रेतल्या फलकावर बोट ठेवून करू नका.

रंग टिकतो कसा?

कातडीचा वरचा थर सारखा झडत असतो आणि साधारण महिन्याभरात नवा होतो. रंग तिथे राहिला तर धुऊन जाईल. म्हणून सुई त्याच्या खालच्या थरात, एक-दोन मिलिमीटर खोल जाते. शरीराला हा रंग परका वाटतो. रक्षण करणाऱ्या पेशी धावून येतात आणि रंगाचे कण गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. त्या पेशी तिथेच राहतात. फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये उंदरांवरच्या अभ्यासातून दाखवले, की अशी एक पेशी मेली की तिने सोडलेला रंग शेजारची नवी पेशी उचलते. पहारेकरी बदलतो, पण पोते तिथेच राहते, तसे.

तरीही वर्षे जातात तसा रंग थोडा पसरतो. बारीक रेघ जाड होते, जवळजवळच्या दोन रेघा एकमेकीत मिसळतात. आजीचे गोंदण पन्नास-साठ वर्षांनी ओळखू येते ते याच कारणाने, की त्यात ठिपके आणि मोकळ्या रेघा आहेत. मध्ये जागा सोडलेली आहे. ऊस असो की कापूस, दाटीने लावले की काय होते ते तुम्हाला सांगायला नको.

नक्षी निवडताना

मोबाईलवर पाहिलेला परमुलखातला लांडगा आणि सूचिपर्णी झाडांचे जंगल हातावर कशाला? आपल्या जिल्ह्यात काय कमी आहे! धोडपच्या कातळभिंतीतली खाच दुरूनही ओळखू येते, ती दोन रेघांत उतरते. साल्हेरचा माथा आहे, सप्तशृंगीचा डोंगर आहे, ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी आहे. नांदूर मध्यमेश्वरचे पाणपक्षी आहेत. २०२० साली या पाणथळीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर यादीत जागा मिळाली, आणि तो मान मिळवणारी ती महाराष्ट्रातली पहिली जागा. अंजनेरीच्या डोंगरावर कंदीलपुष्पाची एक जात आहे, तिच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे. आणि हे काही नको असेल तर बांधावरची बाभूळ, बाजरीचे कणीस, द्राक्षाचे पान आहेच. त्याचा अर्थ तुम्हाला कुणाला समजावून सांगावा लागणार नाही.

निवडलेली नक्षी आधी कागदावर काढा. मग बॉलपेनने हातावर काढून आठ-पंधरा दिवस वागवून पाहा. कंटाळा आला तर पुसता येते. साध्या मेंदीनेही चालेल. पण जत्रेत मिळणारी, तासाभरात काळीकुट्ट रंगणारी मेंदी लावू नका. तिच्यात केसांच्या कलपातले पीपीडी नावाचे रसायन असू शकते, आणि त्याने कातडीला फोड येतात, डाग राहतात.

नक्षी लहान, साधी आणि काळ्या रंगात असावी. पुढे नकोशी झाली तर लेसरने काढताना काळा रंग त्यातल्या त्यात बरा निघतो. हिरवा, पिवळा फार छळतात. त्यालाही अनेक खेपा आणि बराच पैसा लागतो, आणि कातडी पूर्वीसारखी होईलच असे नाही.

भरतीला जाणाऱ्यांनी आधी हे वाचा

नाशिक रोडला तोफखाना केंद्र आहे, पोलीस अकादमी नाशिकलाच आहे. पहाटे रस्त्यावर धावणारी पोरे गावोगाव दिसतात. त्यांच्यासाठी जागेचा प्रश्न सगळ्यात मोठा.

भारतीय लष्कराच्या भरतीत कायमचे गोंदण फक्त दोन जागी चालते. एक, कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू. दोन, पंजाची मागची बाजू. दंड, छाती, मान, पाठ, पाय इथे असेल तर उमेदवार अडतो. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या समाजाच्या रूढीप्रमाणे सूट आहे, पण तीही प्रत्येकाची बाब तपासून.

केंद्राच्या निमलष्करी दलांच्या शिपाई भरतीचा नियम आणखी कडक आहे. आतल्या बाजूला गोंदलेले चालते, पण फक्त डाव्या हाताला, कारण सलामी उजव्या हाताने देतात. पंजाची मागची बाजूही चालते. आकार त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी हवा. आणि मजकूर? धार्मिक चिन्ह किंवा नाव, असा उल्लेख आहे. म्हणजे बघा, तुम्ही हौसेने काढलेला डोंगर किंवा वाघ जागा बरोबर असूनही अडचणीत आणू शकतो. शाई वाळते एका तासात, भरतीचे वय निघून जाते चार वर्षांत. ज्याला वर्दी घालायची आहे त्याने त्या वर्षीची जाहिरात अक्षरन् अक्षर वाचावी, आणि शंका असेल तर निवड होईपर्यंत थांबावे.

सुईची गोष्ट

एडिसनने १८७६ साली कागदाला भोके पाडणारे विजेचे पेन काढले. त्याच धर्तीवर १८९१ साली न्यूयॉर्कमध्ये गोंदायच्या मशीनचे पेटंट घेतले गेले. आज जत्रेत घुंईऽ करते ते त्याच कुळातले. आजीच्या सुईपेक्षा ते वेगवान आहे, पण धोका तोच आहे: एकाचे रक्त दुसऱ्याच्या अंगात जाण्याचा.

ब आणि क प्रकारची कावीळ आणि एचआयव्ही या मार्गाने पसरू शकतात. ब काविळीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहतो. सकाळी कुणाला वापरलेली सुई संध्याकाळी तुम्हाला वापरली तर काय होईल ते ओळखा. रोग झालेला माणूस वर्षानुवर्षे ठणठणीत दिसतो, आणि आतून यकृत खराब होत राहते.

म्हणून बसण्यापूर्वी हे पाहा. सुई सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढली पाहिजे. नुसती स्पिरिटने पुसलेली किंवा लायटरवर धरलेली चालणार नाही. शाई छोट्या टोपणात नव्याने ओतून घेतलेली हवी. एकाच टोपणात दहाजणांची सुई बुडत असेल तर सुई नवी असून उपयोग काय? शाईत हापशाचे पाणी मिसळू देऊ नका. हातमोजे नवे हवेत. रक्त पुसायला सगळ्यांना एकच फडके असेल तर सरळ उठा. विचारायला लाजू नका. कीटकनाशकाच्या डब्यावरची तारीख तुम्ही पाहताच की नाही? मग इथे का संकोच?

ब काविळीवर लस आहे. पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. क काविळीवर मात्र लस नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन झाले आहे का, तेही डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल, जखमेचा व्रण फुगून वर येत असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय गोंदू नका. आणि गोंदल्यावर बारा महिने रक्तदान करता येत नाही. गावात रक्तदान शिबिर ठेवायचे असेल तर हे आधी ध्यानात घ्या.

गोंदल्यावर रानात जाताना

ताजे गोंदण म्हणजे जखम. वरची कातडी भरून यायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढ्या दिवसांत शेणात, मातीत, स्लरीत हात घालायचा नाही. औषध फवारायचे नाही. विहिरीत पोहायचे नाही, रामकुंडात किंवा कुशावर्तात बुडी मारायची नाही. खपली नखाने काढू नका. चुना, राख, शेण असले काही लावू नका. स्वच्छ पाणी, साबण आणि सैल बाह्यांचा सदरा एवढे बास. लाली वाढली, पू आला, ताप भरला, तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. म्हणून द्राक्षाची काढणी किंवा कांद्याची लागण चालू असताना हा उद्योग करूच नये. कामाची सवड पाहून करावा.

सरपंच आणि यात्रा कमिटीने

सप्तशृंगी गडावरचा चैत्रोत्सव, त्र्यंबकेश्वरची पौषातली निवृत्तिनाथांची यात्रा, चंदनपुरीचा खंडोबा, शिवाय गावोगावच्या जत्रा. दुकानांना जागा देताना गोंदणाऱ्याला चार अटी घालणे अवघड नाही. प्रत्येकाला नवी सुई. अठरा वर्षांखालच्या पोरांना गोंदायचे नाही. वापरलेल्या सुया जाड, टोचणार नाही अशा डब्यात. उघड्यावर टाकल्या तर दुसऱ्या दिवशी झाडणाऱ्या बाईच्या हातात घुसतील. आणि आरोग्य सेवकाची एक फेरी. दहा रुपयांची सुई वाचवण्यापायी गावात कावीळ शिरू नये, एवढाच हेतू. गोंदणारा माणूसही पोटासाठीच बसलेला असतो. त्याला हाकलू नका, त्याला नियम सांगा.

आणि शेवटचे. आज घरी गेल्यावर आजीचा हात हातात घ्या. एकेका खुणेचे नाव विचारा, कुणी गोंदले, कुठे बसून गोंदले ते विचारा, आणि वहीच्या पानावर ती नक्षी जशीच्या तशी उतरवून घ्या. तुम्हाला स्वतःला गोंदायचे नसले तरी घ्या. गोंदण माणसासोबत जाते असे तीच सांगते. आणि एकदा ते तिच्यासोबत गेले, की मागे विचारायला कुणी उरत नाही.