फ्रेंच शिकवायचंय? मग मधली इंग्रजी काढा

बऱ्याच ताई विचारतात, "दादा, माझं फ्रेंच झालंय, घरी लहान मुलांचा क्लास काढला तर चालेल का?" चालेल. पण आधी माझ्या दुकानामागचा एक क्लास बंद पडता पडता कसा वाचला, ते ऐका.

चिंचोटीत माझं स्टेशनरीचं दुकान आहे. मागची खोली संध्याकाळी एका मॅडमना फ्रेंचसाठी भाड्याने दिली होती. दुसरी ते चौथीची अकरा मुलं आली, दोन महिन्यांत चार उरली. मॅडम म्हणाल्या, "पुढचं भाडं जमेल असं वाटत नाही."

मॅडमची फ्रेंच उत्तम. पण फळ्यावर फ्रेंच शब्द आणि शेजारी इंग्रजी अर्थ! पोरांची शाळा इंग्रजी, घर मराठी, म्हणजे डोक्यात दोनदा भाषांतर. त्यात फ्रेंचमध्ये शेवटचं अक्षर बरेचदा उच्चारतच नाहीत. पोरं इंग्रजीसारखं वाचायची, चुकायची आणि गप्प बसायची.

एकदा आतून 'साव्हों' ऐकू आलं. मी गल्ल्यावरूनच ओरडलो, "अहो, हा तर आपला साबण!" खरंच आहे ते. वसईवर १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांचा अंमल होता. साबण, पाव, अननस हे शब्द मराठीला पोर्तुगीजांकडून मिळाले, आणि पोर्तुगीज-फ्रेंच दोन्ही लॅटिनच्या लेकी. पाव तिकडे 'पँ', अननस 'अनाना'. पोरं हसली ना, तिथून खोलीत आवाज सुरू झाला.

मग मॅडमनी इंग्रजी बाजूला ठेवली. मोठ्या माणसाला 'वू', मित्राला 'त्यू'. मराठी पोराला हे तुम्ही आणि तू इतकं सोपं. खुर्ची 'ती' का, हे आपल्या पोराला समजवावं लागत नाही, आणि तिकडेही ती 'ती'च आहे. (सगळीकडे असं जुळत नाही, आणि आपलं 'ते' तिकडे नाहीच. हे आधीच सांगून टाका.)

आकड्यांत तर मजाच. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, नव्याण्णव म्हणजे चार-वीस-एकोणीस! मोठ्यांना हे ऐकून घाम फुटतो. पण एका मुलीची आजी अजून विसांवर मोजते, 'चार विसा' म्हणजे ऐंशी. त्या पोरीने वर्गात सगळ्यांच्या आधी उत्तर दिलं.

आता शनिवारी माझ्याच दुकानातली खोडरबरं, पेन्सिली घेऊन पोरं दुकान-दुकान खेळतात. 'बोंझूर' म्हणायचं, भाव विचारायचा, पैसे मोजायचे. पहिले तीन महिने वही नाही, गृहपाठ नाही. पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय जून २०२५ मध्ये मागे घेतले गेले, तेव्हापासून पालकांच्या डोक्यात 'भाषेचा बोजा' पक्का बसलाय. तो बोजा तुमच्या क्लासमध्ये दिसला, तर पुढची फी आली नाही म्हणून समजा.

आणि विकताना खोटं बोलू नका. सात वर्षांच्या पोराच्या आईला परदेशातली नोकरी दाखवायची? मला तरी ते पटत नाही. प्रमाणपत्र हवंच असेल, तर लहानांसाठी 'डेल्फ प्रिम' परीक्षा आहे, ए१.१, ए१ आणि ए२ अशा तीन पायऱ्या. मुंबईत आलियाँस फ्राँसेझमध्ये चौकशी करा. पण पोर तयार झाल्यावरच.

सध्या वर्गात नऊ मुलं आहेत. भाडं वेळेवर येतं, फक्त माझी खोडरबरं कमी भरतात. फी किती ठेवायची, ते पुढच्या व्हिडिओत बघू.